घंटा वाजली, पण कोणी उठले नाही

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती खोटे बोलू नये म्हणून. पण वाचकहो, त्या गोष्टीत गावकऱ्यांचे काय चुकले, याचा विचार आपण क्वचितच करतो. लांडगा खरोखर आला त्या दिवशीही हाक नेहमीसारखीच होती. ती खरी हे त्या बिचाऱ्यांनी ओळखायचे कसे?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात साउथ ऑरेंज या गावी सीटन हॉल विद्यापीठ आहे. तिथल्या बोलंड हॉल या १९५२ साली बांधलेल्या वसतिगृहात पहिल्या वर्षाची सुमारे सहाशे मुले-मुली राहत होती. आगीची घंटा होती आणि ती चांगली वाजतही होती. किंबहुना फारच वाजत होती! सप्टेंबरपासून चार महिन्यांत अठरा वेळा ती खोटीच वाजली. दर वेळी उठायचे, जिने उतरायचे, थंडीत कुडकुडत उभे राहायचे आणि परत येऊन झोपायचे. शेवटी मुले म्हणू लागली, "वाजू दे, कोण उठतंय!"

१९ जानेवारी २००० च्या पहाटे साडेचारच्या सुमारास घंटा पुन्हा वाजली. कित्येकांनी कूस बदलली. पण त्या पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या दालनात सोफा खरोखरच पेटला होता. गादीतल्या फोमचा धूर मार्गिकेत भरला. तीन मुले गेली. तिघेही अठरा वर्षांचे. अठ्ठावन्न जण जखमी झाले.

आता ही घंटा अशी उठवळ का वागते, ते पाहू. गावाला आगीची वर्दी तारेने देण्याची सोय बोस्टन शहरात १८५२ साली झाली, पण तिथे वर्दी देणारा माणूसच होता. धूर स्वतः हुंगणारे यंत्र आले ते पुष्कळ नंतर, आणि तेही चुकून. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण करू पाहत होते. वायूने काटा काही हलेना. कंटाळून त्यांनी सिगारेट शिलगावली आणि काटा हलला, असे सांगतात. पुढे या उपकरणात अमेरिशियम या किरणोत्सर्गी धातूचा कण बसवू लागले. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून बारीकसा वीजप्रवाह वाहतो. धुराचे कण मध्ये आले की तो मंदावतो आणि घंटा वाजते. पण तो धूर पेटलेल्या पलंगाचा की करपलेल्या पावाचा, हे त्या यंत्राला काय ठाऊक? दुसऱ्या जातीचे यंत्र प्रकाशाच्या किरणावर चालते आणि धुमसत्या आगीचा वास त्याला लवकर लागतो. मात्र न्हाणीघराची वाफ पाहून तेही कधी कधी फसते. त्यातून काही मुले थट्टेने खटका ओढत, ते वेगळेच.

म्हणजे यंत्र नवे बसवले की काम झाले, असे नव्हे. ते कुठे बसवायचे, कोणत्या जातीचे, आणि खोटी घंटा वाजली तर कारण शोधायचे की नुसती बंद करायची, यावरच सारे अवलंबून असते. माझ्या मते अठरावी घंटा वाजण्याआधी पहिल्या सतरांचा हिशेब मागायला हवा होता.

बोलंड हॉलमध्ये पाण्याचे फवारे नव्हते. इमारत बांधली तेव्हा तशी सक्तीच नव्हती. जुलै २००० मध्ये न्यू जर्सीने कायदा केला, की राज्यातल्या सर्व वसतिगृहांत चार वर्षांच्या आत फवारे बसलेच पाहिजेत. त्या खर्चासाठी कर्जाची सोयही केली. (सिनेमात दाखवतात तसे सगळे फवारे एकदम सुटत नाहीत बरे! प्रत्येकाच्या तोंडाशी काचेची कुपी असते. अडुसष्ट अंशांच्या आसपास तापली की ती फुटते, आणि जिथे आग तिथेच पाणी पडते.)

राहिला प्रश्न झोपेचा. जुन्या भोंग्याचा आवाज तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे कर्कश आणि किरटा. अभ्यासकांनी झोपलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा ५२० हर्ट्‌झच्या खर्जातल्या आवाजाने ती अधिक लवकर जागी होतात असे दिसले. कमी ऐकू येणारी आणि मद्य घेतलेली माणसे तर विशेष. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण नियमावलीने २०१४ पासून नव्या यंत्रणांसाठी झोपायच्या खोल्यांत हाच आवाज ठरवून दिला.

बोलंड हॉलच्या आगीचा उलगडा व्हायला वर्षे लागली. २००६ साली दोन माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांनी गंमत म्हणून भिंतीवरचा कागदी फलक पेटवला होता. २००७ मध्ये दोघांना पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली.

२००८ च्या एका केंद्रीय कायद्याने तिथल्या महाविद्यालयांना दर वर्षी एक अहवाल छापावा लागतो. कोणत्या वसतिगृहात किती आगी लागल्या, कोणती यंत्रणा आहे आणि बाहेर पडण्याची कवायत किती वेळा झाली, हे त्यात असते. आपल्याकडची पुष्कळ मुले आता तिकडे शिकायला जातात. खोलीचे भाडे आणि जेवणाची सोय आपण विचारतोच. हा अहवालही कोणालाही वाचायला मिळतो.