थंड हातपायांचं इंग्रजी

रक्ताभिसरणाबद्दल मराठीत बोलायला लागलं की शब्दांची गंमत सुरू होते. शाळेच्या पुस्तकातल्या रोहिणी आणि नीला परीक्षेनंतर कुणाला भेटत नाहीत. बोलताना 'शीर' म्हटलं की आर्टरी आली, व्हेन आली, कधीकधी नर्व्हसुद्धा आली. 'नस दबली' म्हणणाऱ्याचा रक्ताशी बहुधा संबंधच नसतो. आणि नाडी? डॉक्टर बघतात तीही नाडी, लेंग्याची तीही नाडी! आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, एक व्हेरिएबल आणि चार अर्थ.

पण इंग्रजीनेही फार हसू नये. 'आर्टरी' हा मूळ ग्रीक शब्द. मृत शरीरात या नळ्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असं काही प्राचीन ग्रीक वैद्य मानत. आपल्या 'धमनी'च्या मुळाशीही फुंकण्याचा धातू आहे. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त हृदयातून निघून फिरून परत येतं हे मांडलं. समजूत बदलली, शब्द तेच राहिले! म्हणजे शब्दाला शब्द ठेवून वैद्यकातलं भाषांतर होत नाही, आत काय चाललंय ते कळावं लागतं. ते कळणं किती जिवावरचं असू शकतं, याचं उदाहरण आपल्या रायगडातच आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, 'रायगड' झालं १९८१ मध्ये. लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे. उलट्या, दरदरून घाम, तोंडात लाळ, पुरुषांत लिंगाची ताठरता (हे विचारल्याशिवाय सांगणार कोण?) आणि हातपाय थंडगार. त्यातल्या काहींना पुढे धाप लागायची, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि खेळ संपायचा.

आता 'हातपाय थंड पडले' याचं इंग्रजी काय? एक अर्थ 'शॉक': रक्तदाब कोसळला, सलाइन चढवा. दुसरा अर्थ बरोब्बर उलटा: टोकाच्या रक्तवाहिन्या आवळल्यात, दाब वाढलाय आणि हृदय जवळजवळ बंद नळावर पंप मारतंय. इथे पाणी वाढवलं तर ते फुप्फुसात साचायची भीती. शब्द तेच, उपचार मात्र विरुद्ध.

बावस्करांनी रुग्णांजवळ थांबून नाडी, रक्तदाब, लक्षणांचा क्रम टिपला. त्यावरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विंचवाच्या विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे सुरुवातीला दुसरा अर्थ खरा. मग उपाय काय, तर नळ उघडायचा. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच ती मांडली. आयसीयू नसलेल्या गावातही देता येईल असं औषध! गंभीर रुग्णांत पूर्वी सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण पुढे एका टक्क्याच्या आसपास आलं. विंचवाची प्रतिलस सोबत दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये 'बीएमजे'त दाखवलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मला यातली सुरुवात जास्त आवडते. रुग्ण सांगत होता ते आधी नीट ऐकलं गेलं, इंग्रजी नाव नंतर आलं. आपण बहुतेकदा उलटं करतो. गावाहून फोन येतो, "आजीचे हातपाय गार पडलेत, घाम सुटलाय". आपण पुण्यात किंवा बंगलोरला बसून डॉक्टरला कळवतो, "बीपी लो झालंय". हे आपल्याला कुणी सांगितलं? गार म्हणजे गार, घाम म्हणजे घाम, कधीपासून ते सांगा. भाषांतर डॉक्टरला करू द्या.

असो. आणि गावी गेलात की चप्पल झटकून घाला.