फ्रँकफर्टचे अंथरूण, पिंपरीची गोधडी

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर दाखल झाली. ती अंथरूण-पांघरूण ओढत फिरे, नवऱ्याला व मुलीला हाका मारी. डॉ. आलॉइस आल्झायमर यांनी १९०७ च्या लेखात हे लक्षण म्हणून नोंदविले. आज स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेत अस्वस्थ हातांना मुद्दाम कापड दिले जाते: बटणे, फिती शिवलेला लोकरी ‘ट्विडल मफ’.

मराठी घरात असे कापड पूर्वीपासून आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग इतर कारखाने आले. कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या वळकटीत गोधडी असे. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोऱ्याच्या उंचसखल रेघा, ठिगळे, काठाची जाड वीण. अंधारातही बोटांना ती ओळखू येई.

त्या कामगारांपैकी पुष्कळ जण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गोधडी बहुधा माळ्यावर. पाहुण्यांसमोर ब्लँकेट बरे दिसते ना!