सैल झालेलें कंकण

मनुष्याला स्वतःचें शरीर जितकें जवळचें, तितकेंच तें पाहण्यास अवघड असतें. दुसऱ्याचा चेहरा सुकला, अंग उतरलें किंवा भरलें, हें आपण पहिल्याच भेटींत ओळखतों. पण आपल्याच देहांत महिनोगणती घडत आलेला फरक आपल्या ध्यानांत सर्वांच्या शेवटीं येतो. मोठ्या नेटानें वजन उतरविलेल्या माणसांची एक तक्रार आजकाल वारंवार ऐकूं येते. कांटा सांगतो, देह हलका झाला. शेजारी सांगतात, ओळखूं येत नाहीं. तरी आरशापुढें उभें राहिलें कीं तोच जुना स्थूल देह समोर दिसतो. अशीं माणसें दुकानांत अजून पूर्वीच्याच मापाचा सदरा मागतात आणि मोकळ्या वाटेनें जातांनाही अंग चोरून आडवीं होतात. हा निव्वळ मनाचा खेळ आहे, कीं मनुष्याच्या घडणीचाच एक धर्म आहे? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास इतिहासाकडे वळावें लागतें. आणि त्या इतिहासाचा एक प्राचीन धागा आपल्या गोदावरीच्याच कांठीं सांपडतो.

पैठण सोडल्यावर गोदावरी पुढें पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशा परभणी जिल्ह्यांतील गांवांच्या शिवारांतून नांदेडकडे जाते. पैठण ही सातवाहनांची राजधानी. आणि त्याच कुळांतील हाल राजाच्या नांवें प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ ही माहाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें सातशें गाथांची संहिता याच खोऱ्याचें लोकजीवन सांगते. स. आ. जोगळेकरांनीं १९५६ सालीं ती मराठी वाचकांच्या हातीं दिली. या गाथांतील विरहिणी कृश होते तेव्हां त्या कृशतेची बातमी तिच्या हातांतलें कंकण देतें. मनगट बारीक होतें, कंकण सैल होऊन खालीं घसरतें, आणि देहाचें गुपित उघडें पडतें. कालिदासाचा यक्षही त्याच जातीचा. ‘मेघदूता’च्या आरंभींच त्याच्या हातांतलें सोन्याचें कडें गळून मनगट रितें झालेलें आहे, आणि ज्या रामगिरीवर हें घडलें तो वा. वि. मिरासींच्या मतें आपल्या विदर्भांतील रामटेक होय. पुढें हा संकेत इतका रूढ झाला कीं त्यांतील निरीक्षण आपण विसरलों. त्या काळच्या माणसाला आपला देह पाहावयास फारसें साधन नव्हतें. परंतु देहाला वेढून बसलेली एक न बदलणारी वस्तु त्याच्याजवळ होती. देह बदलतो, कंकण बदलत नाहीं. म्हणूनच तें साक्ष देऊं शकतें.

ही साक्ष वाचणारा एक व्यावसायिकही आपल्या समाजांत होता, तो म्हणजे कासार. बायकांचा हात नुसता दाबून पाहिला कीं कोणती बांगडी चढेल हें तो सांगे; आणि मागच्या सणाला घेतलेलें माप यंदा चालणार नाहीं, हेंही त्यालाच प्रथम कळे. उलट आपला पेहराव या बाबतींत मोठा मुका. नऊवारी लुगडें काय किंवा धोतर काय, न शिवलेलें वस्त्र देहाला हवें तसें नेसतां येतें. पोट उतरलें तर एक निरी अधिक पडते, सुटलें तर एक कमी. वस्त्र कुरकुर करीत नाहीं. शिंप्याच्या हातची चोळी तेवढी थोडें बोलते. अंगावर बेतून शिवलेल्या कपड्यांचा प्रसार झाला तेव्हां कुठें ‘सदरा अंगांत लोंबतो’ आणि ‘बंडी दाटते’ हे अनुभव घरोघर नित्याचे झाले.

आरशाचें काय, असें कोणी विचारील. दक्षिणेंतील मंदिरांवर आरसा हातीं घेतलेली सुंदरी कोरलेली आढळते. पण तो आरसा घासून चकचकीत केलेल्या धातूचा आणि तळहाताएवढा असे. त्यांत कपाळींचें कुंकू दिसे, सबंध देह दिसत नसे. कांचेला चांदीचा मुलामा देण्याची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८३५ सालीं सिद्ध केली. त्यानंतर आरसे स्वस्त होत गेले, आणि डोक्यापासून पायांपर्यंत देह दाखविणारा आरसा मध्यमवर्गाच्या घरांत त्याहून पुष्कळ उशीरां आला. म्हणजे आज ज्याच्यावर आपण एवढा विश्वास टाकतों तो साक्षीदार सर्वांत नवखा आहे.

वैद्यानें मात्र देहाकडे फार पूर्वीच बारकाईनें पाहिलें होतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायांत अतिस्थूल व अतिकृश यांचीं लक्षणें दिलीं आहेत. चालतांना हलणारें पोट हें एकाचें; उघड्या पडलेल्या शिरा आणि ठळक दिसणारे सांधे हें दुसऱ्याचें. हीं सारीं लक्षणें समोरून पाहणाऱ्या डोळ्यांना दिसणारीं आहेत. रोगी स्वतःला कसा दिसतो, याच्याशीं त्यांचा संबंध नाहीं.

देह तोलण्याची चाल आपल्याकडे जुनीच; पण ती दानासाठीं होती. १६७४ सालीं राज्याभिषेकप्रसंगीं शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हां पारड्यांत सुमारें १६,००० होन लागल्याची नोंद हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानें केली आहे. जहांगीर बादशहाची वाढदिवसाची तुला मांडूच्या मुक्कामीं १६१७ सालीं सर टॉमस रो यानें वर्णिली आहे. या तुलांतून राजाचें वजन किती हें कळे. परंतु तें वाढलें कीं घटलें, ही चिंता तेथें नव्हती. ती चिंता इटलींतील सांतोरिओ या वैद्याला लागली. काट्याला टांगलेल्या खुर्चीवर बसून तो वर्षानुवर्षें स्वतःला तोलीत राहिला आणि १६१४ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला.

आपल्या देशांत वजनाला सार्वजनिक महत्त्व आलें तें तुरुंगामुळें. लोकमान्य टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां प्रकृतीनें किरकोळ होते. पहिलें वर्ष त्यांनीं अभ्यासापेक्षां व्यायामालाच दिलें आणि देह कमावला. तोच देह १८९७ च्या शिक्षेनंतर तुरुंगांत झपाट्यानें उतरला. ६ सप्टेंबर १८९८ रोजीं सुटका झाल्यावर सिंहगडच्या हवेंत राहून त्यांना तो पुन्हां सांवरावा लागला. पुढें १९४३ सालीं पुण्याच्या आगाखान पॅलेसांत महात्मा गांधींनीं २१ दिवसांचें उपोषण केलें, तेव्हां त्यांच्या प्रकृतीचीं पत्रकें देशभर वाचलीं जात. एका माणसाचा उतरता देह साऱ्या राष्ट्राला दिसत होता.

इतके साक्षीदार जमले तरी मूळ प्रश्न उरतोच. बाहेरची साक्ष खरी असतांना आंतली नजर ती कां मानीत नाहीं? याचा उलगडा होऊं लागला तो जखमी सैनिकांच्या शुश्रूषेंतून. अमेरिकेंतील यादवी युद्धांत ज्यांचे हातपाय कापावे लागले त्यांपैकीं पुष्कळांना तुटलेला अवयव जागच्या जागीं असल्याचें जाणवत असे. वेअर मिचेल या वैद्यानें १८७१ सालीं या अवयवाला भुताचें नांव दिलें. १९११ सालीं इंग्लंडांत हेड आणि होम्स यांनीं दाखविलें कीं मेंदूंत देहाचा एक नकाशा सतत तयार होत असतो व प्रत्येक हालचाल त्याच्या आधारानें होते. पॉल शिल्डर यानें १९३५ च्या आपल्या ग्रंथांत त्यापुढें जाऊन सांगितलें कीं, आपल्या देहाचें मनांतलें चित्र नुसत्या संवेदनांनीं बनत नाहीं. भावना आणि इतरांची नजर यांचाही त्यांत वांटा असतो. आपल्याकडचें उदाहरण घ्यावयाचें तर डोक्यावर घागर घेऊन दारांतून जाणारी बाई पाहावी. ती घागरीच्या उंचीइतकी बरोबर वाकते. कारण त्या घडीला घागर तिच्या देहाचाच भाग झालेली असते. मात्र घागर एका क्षणांत खालीं ठेवतां येते. वीस वर्षें अंगावर वागविलेला मेद महिन्यामहिन्यानें उतरतो, आणि त्यांतला कोणताही एक दिवस ‘आज मी बदललों’ असें सांगत नाहीं. देह पुढें जातो, नकाशा मागें राहतो, आणि माणूस नसलेल्या घागरीसाठीं वाकत राहतो.

हा मागासलेपणा दोन्ही बाजूंनीं फसवितो. १९४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत आन्सेल कीझ यांनीं ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांशानें घटलें, हाडें दिसूं लागलीं. तरी त्यांपैकीं कित्येकांना आपण फार रोडावलों असें न वाटतां, भोवतालचीं माणसेंच भलतीं लठ्ठ आहेत असें वाटूं लागलें. निरोगी मनाची ही गत, तर रोगी मनाची काय सांगावी? लंडनच्या गल आणि पॅरिसच्या लासेग यांनीं १८७३ सालीं अन्न नाकारणाऱ्या तरुण मुलींच्या ज्या आजाराचें वर्णन केलें, त्यांत अस्थिपंजर झालेली मुलगीही स्वतःला स्थूलच समजत असल्याचें आढळतें. हिल्डा ब्रुख यांनीं १९६२ सालीं देहाच्या या विपरीत प्रतिमेलाच त्या रोगाच्या लक्षणांत महत्त्वाचें स्थान दिलें. येथें केवळ मनाच्या समाधानाचा प्रश्न राहत नाहीं, जिवाचाच होतो.

आपल्या मराठवाड्याला या फसगतीचें दुसरें एक रूप परिचयाचें आहे. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला. खडी फोडणाऱ्या बाया, कामावर वांटली जाणारी सुखडी आणि परदेशांतून आलेला मिलो यांच्या आठवणी अनेक घरांत अजून निघतात. जेथें सगळ्यांचींच पोरें वाळलेलीं, तेथें कोणत्या आईला आपलें पोर वेगळें दिसणार? तुलना करण्यास भरलेला देहच डोळ्यांपुढें नसतो. म्हणून बालकांच्या पोषणाची पाहणी करणाऱ्यांनीं डोळ्यांवर विसंबणें सोडून दंडाचा घेर मोजण्याची युक्ति काढली. तिचा एक प्रकार वैद्यकाच्या पुस्तकांत ‘बांगडीची परीक्षा’ या नांवानें ओळखला जातो. चार सेंटिमीटर आंतल्या व्यासाचें कडें मुलाच्या हातांत घालावयाचें. तें कोपरावरून दंडावर चढलें, तर दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरांहून कमी, आणि मूल कुपोषित असल्याचा संशय धरावयाचा. आज अंगणवाडींत या कामीं तांबडी, पिवळी, हिरवी पट्टी दिसते. तांबडा रंग साडेअकरा सेंटिमीटरांच्या आंत येतो. पट्टी नवी असली तरी तिच्यामागची युक्ति तीच आहे. गाथेंतील विरहिणीच्या हातावरून घसरलेलें कंकण गोदावरीच्या कांठीं असें पुन्हां कामास आलें आहे.

या इतिहासापासून आपण काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, उतरलेला देह डोळ्यांना न दिसणें ही कृतघ्नता नव्हे आणि वेडही नव्हे. मनांतलें चित्र सावकाश बदलतें. त्याला अवधि दिला पाहिजे. दुसरी गोष्ट, तोंवर न बदलणाऱ्या वस्तूंची साक्ष जवळ ठेवावी. जुना सदरा, जुनें छायाचित्र, सैल झालेली अंगठी, आणि ज्यांना आपली खुशामत करावयाची नाहीं अशा माणसांचे शब्द, हे सारे आरशाहून भरंवशाचे आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काटा ‘पुरे’ म्हणत असतांना मन ‘अजून’ म्हणत असेल, तर मनाचें ऐकूं नये, वैद्याकडे जावें. घरांतील मुलगी दिवसेंदिवस वाळत असून स्वतःस लठ्ठ म्हणवीत असेल, तर तिची थट्टा करूं नये व तिच्याशीं वादही घालूं नये. तिच्या हातांतली बांगडी कोठवर चढते तें पाहावें आणि वेळीच उपाय करावा.

मनुष्य स्वतःला पुरतेपणीं पाहूं शकत नाहीं, हें आपल्या प्राकृत कवींनीं ओळखलें होतें. म्हणूनच त्यांनीं नायिकेची कृशता तिच्या तोंडून न वदवितां कंकणाकडून वदविली. देहाविषयीं आपण स्वतःला जें सांगतों, त्यापेक्षां हातांतलें कंकण अधिक खरें बोलतें. तें ऐकण्याची संवय मात्र आपणच लावून घ्यावी लागते.