डॉक्टरांचीही आठवड्याची बैठक
सख्यांनो, आपल्या गटाची बैठक ठरल्या वारी भरते, तशीच डॉक्टरांची बैठक २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सुरू झाली. तिथे हिपॅटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे तज्ज्ञ मोजकेच. रुग्ण लांबून येत, महिनोन्‌महिने थांबत. मूळचे भारतीय डॉ. संजीव अरोरा यांनी खेड्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर जोडलं. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, सगळ्यांनी शिकायचं. गावातला उपचारही मोठ्या रुग्णालयाइतकाच गुणकारी ठरल्याचं २०११ च्या अभ्यासात दिसलं. कोरोनाच्या २०२० सालात अमेरिकेतल्या हजारो वृद्ध-शुश्रूषा केंद्रांतले कर्मचारी याच पद्धतीने शिकले. आम्हा गटातल्या बायकांना यातलं एक मोलाचं वाटतं: म्हातारीच्या उशाशी बसणारीला शिकवलं, तर म्हातारीची फरफट वाचते.