मोरगावचा नंदी आणि मोबाईलची थरथर

मागच्या रविवारी मोरगावला जाऊन आलो. मयूरेश्वराचं दर्शन झालं आणि बाहेर नंदीपाशी रेंगाळलो. (गणपतीच्या देवळासमोर नंदी, हे इथलं वैशिष्ट्य!) तेवढ्यात नातवाचा हात धरून एक आजोबा आले. त्यांना दिसत नव्हतं. नंदीवर सावकाश हात फिरवत म्हणाले, "केवढा थोरला हाय रं ह्यो!" नातवाने तोवर मोबाईलवर चार फोटो काढले होते. आजोबांच्या बोटांना ते चारही सारखेच. काच ती काच.

परतताना डोक्यात तोच किडा. मेसेज आला की फोन थरथरतो. स्पर्शातून माहिती देण्याच्या या तंत्राला हॅप्टिक्स म्हणतात. पण ही थरथर फार तर 'काहीतरी झालं' एवढंच सांगते. समोरची वस्तू कशी आहे, हे नाही सांगत. गंमत म्हणजे त्याच धडपडीतून हा इतिहास घडलाय, आणि तोही अंधांसाठी.

१८२९ साली लुई ब्रेलने टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीसकट भारतीय भाषांना समान पद्धत मिळाली. पण पुस्तक ब्रेलमध्ये छापलेलंच नसेल तर? स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनविल यांची मुलगी कँडी अंध होती. त्यांनी बनवलेलं ऑप्टाकॉन यंत्र १९७१ मध्ये बाजारात आलं. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून फिरवायचा. दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ पिनांपैकी नेमक्या पिना थरथरून अक्षराचा आकार उमटवायच्या. म्हणजे साधं पुस्तक थेट बोटाने वाचायचं! पुढे स्कॅनर आणि बोलणारी सॉफ्टवेअर्स आली, आणि १९९६ मध्ये ऑप्टाकॉनचं उत्पादन थांबलं.

दरम्यान १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत (आपली कोथरूडची नव्हे) थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी 'फँटम' बनवलं. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालायचं. बोट आभासी वस्तूच्या जितकं आत शिरेल, तितक्या जोराने मोटर ते मागे ढकलणार. सरळ स्प्रिंगचा नियम. अट एकच, हे गणित सेकंदाला सुमारे १००० वेळा व्हायला हवं. सिनेमात डोळ्याला २४ चित्रं पुरतात, बोट तसं फसत नाही. दगड लगेच मऊ किंवा थरथरता लागतो.

आपल्या पवईच्या आयआयटीतही यावर काम झालंय. प्रा. सुभासिस चौधुरींच्या गटाने २०१२ च्या युरोहॅप्टिक्स परिषदेत, सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंचे थ्रीडी मॉडेल लहानमोठ्या प्रमाणात स्पर्शाने कसे अनुभवता येतील, यावर पेपर मांडला. म्हणजे आधी अख्खा आकार, मग जवळ जाऊन कोरीवकाम. आजोबा तरी दुसरं काय करत होते?

पण बाजारात खपलं काय? १९९७ चा निन्टेंडोचा रंबल पॅक, आणि मग फोनची थरथर. उलट २००७ च्या आयफोननंतर बटणंच गेली. जुन्या फोनच्या ५ आकड्यावर बारीक उंचवटा असायचा, आठवतंय? न बघता नंबर फिरवता यायचा. २००९ पासून आयफोन स्क्रीन वाचून दाखवतो, ही मोठीच सोय. पण ती कानाची, बोटाची नव्हे.

आपण कोड लिहिणारे 'व्हायब्रेट' ची एक ओळ टाकतो आणि स्पर्शाचं काम झालं म्हणतो. असो. त्या आजोबांना नंदी पुन्हा 'बघायचा' असेल, तर आजही मोरगावची एसटीच धरावी लागेल.