धाब्याच्या घराची निगा : अकलूज परिसरातील शब्द आणि इतिहास

अकलूजचे नाव इतिहासग्रंथांत येते ते बहुधा राजकीय घडामोडींच्या निमित्ताने. नीरेच्या काठचा भुईकोट आणि १६८९ च्या आरंभी येथे असलेली औरंगजेबाची छावणी यांचा उल्लेख केल्यावाचून या गावाचा वृत्तान्त पुरा होत नाही. परंतु ज्या घरांत गावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या घरांच्या निगेचा इतिहास दप्तरांत सहसा सापडत नाही. तो शोधावयाचा तर बोलीतील शब्दांकडे वळावे लागते. प्रस्तुत टिपणात या शब्दांच्या आधारे एकच प्रश्न विचारात घेतला आहे : घर राखण्याचे जे ज्ञान परंपरेने दिले, त्यात काय टिकले आणि काय सुटले?

१

या विचाराचा आरंभ ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या जोडशब्दांपासून केला पाहिजे. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हा भेद देशावरील जुन्या कागदपत्रांत रूढ आहे. पुढे ‘पांढरी’ या शब्दाने खुद्द गावाचा व गावकऱ्यांचाही बोध होऊ लागला. या भेदामागे घरबांधणीचा अनुभव उभा आहे. काळी माती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पायाची भिंत फार काळ सरळ राहत नाही. वस्तीच्या जागी साचलेली पांढरी माती त्या मानाने स्थिर असते. ती भिंतींना चालते, छपरालाही चालते. तेव्हा घर कोठे बांधावे व कशाचे बांधावे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात साठलेले होते असे म्हणता येईल.

सोलापूर जिल्ह्यात वार्षिक पाऊस साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर पडतो. कोकणातील उतरत्या छपराची येथे गरज नव्हती. त्यामुळे सपाट मातीचे छप्पर, म्हणजे धाबे अथवा माळवद, येथे रूढ झाले. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलच्या, त्यावर काड्या व पाला आणि सर्वांवर चोपून बसविलेली माती, अशी त्याची रचना असे. दोन तुळयांमधील अंतरास ‘खण’ म्हणत, आणि घराचे मापही खणांतच सांगत. घर ‘पाच खणांचे’ आहे असे म्हटले की त्याचा विस्तार ऐकणाऱ्याच्या ध्यानात येई.

२

धाब्याची निगा ऋतुचक्राशी बांधलेली होती. मृगापूर्वी धाब्यावरील गवत उपटावयाचे, भेगा बुजवावयाच्या, पांढरी किंवा खारी माती पसरून चोपण्याने धोपटावयाची आणि पन्हळी मोकळ्या करावयाच्या, हा वर्षाचा नेम होता. खाऱ्या मातीत गवत सहसा रुजत नाही, म्हणून तिला विशेष मान असे. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागला की तेथील पोपडे खरवडून नवा गिलावा द्यावा, लाकडाला वाळवीची माती दिसताच ती झाडून काढावी, भुई सारवावी, ही कामेही याच नेमाचा भाग होती. नव्याने वेगळे बिऱ्हाड थाटणाऱ्यास हे सारे कोणी ग्रंथातून शिकवीत नसे. मृग जवळ आला की शेजारचे धाबे चोपले जाई, आणि तेवढी सूचना पुरेशी होती.

येथे क्रियापदांचा एक विशेष नोंदविण्याजोगा आहे. गवती किंवा कौलारू छपराच्या ‘शाकारणी’त जुने उतरविणे हा कामाचाच भाग असतो. कुजलेले गवत काढावे लागते आणि फुटके कौल बदलावे लागते. धाब्याच्या बाबतीत मात्र नित्याची क्रियापदे ‘घालणे’, ‘टाकणे’ आणि ‘चोपणे’ अशी आहेत. माती वर जाते, ती खाली येण्याची सोय या नेमात नाही. काही माती पावसाने वाहून जाते हे खरे. परंतु दरवर्षी घातलेली सगळीच माती वाहून जात नाही आणि थर वाढत राहतो.

या वाढीचा हिशोब साधा आहे. ओल्या चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,८०० किलोग्रॅम धरले, तर १० सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला १८० किलोग्रॅम भार देतो. जाडी ६० सेंटिमीटरांवर गेली की १० चौरस मीटरांच्या लहानशा खोलीवरही १० टनांहून अधिक माती उभी राहते. म्हणजे ज्या निगेने घर गळण्यापासून वाचे, तीच निगा वर्षानुवर्षे त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढवीत होती.

३

या ओझ्याचा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राला कळला. अकलूजच्या पूर्वेस दीडशेहून अधिक किलोमीटरांवर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि माणसे घरांत झोपलेली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या जाड भिंती दगडमातीच्या होत्या. त्यांच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड बहुधा नव्हते. धक्क्यासरशी थर फाकले, भिंती ढासळल्या, आणि धाब्याचा भार जेथे भिंतींवर होता तेथे सगळी माती खाली आली. जेथे भार लाकडी खांबांनी पेलला होता, तेथे भिंती पडूनही खणांचा सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे दिसून आली.

त्यानंतर १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याबरोबरच १३ जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम झाले. त्यांत सोलापूर जिल्ह्याचाही समावेश होता. या कामातील सूचना पाहिल्या असता परंपरेतील उणीव नेमकी ध्यानात येते. भिंतींत आरपार दगड बसवावेत, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत, आणि धाब्यावरील जादा माती उतरवावी, असे त्यांचे स्वरूप होते. ‘माती उतरविणे’ हे क्रियापद घराच्या निगेत अशा रीतीने आले, परंतु ते हजारो जीव गेल्यानंतर.

४

परंपरेला हे पूर्वीच का उमगले नाही? त्या परिसरात मोठ्या भूकंपाची स्मृती नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण ज्ञानाच्या घडणीत आहे. ऋतुचक्राच्या नेमाने ‘केव्हा’ व ‘काय’ हे जपले. ‘का’ हे त्याने क्वचितच सांगितले.

या संदर्भात शिवछत्रपतींनी १६७० च्या दशकात चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना धाडलेले प्रसिद्ध पत्र तुलनेला घेता येईल. गवताच्या गंजींजवळ कोणी आगट्या करील किंवा रात्री दिवा तसाच ठेवील, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत जळेल आणि पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असा त्यातील विचाराचा क्रम आहे. त्यात आज्ञा आहेच, परंतु आज्ञेबरोबर तिचे कारणही आहे. कारण कळलेला मनुष्य नव्या परिस्थितीतही सावध राहू शकतो. केवळ नेम ठाऊक असलेल्याला, परिस्थिती पालटली की तो नेमच अडचणीत आणतो.

५

परिस्थिती तर अकलूजमध्ये पुष्कळच पालटली आहे. विसाव्या शतकात नीरेच्या कालव्यांचे पाणी माळशिरस तालुक्यात खेळले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. गाव पांढरीबाहेर पसरत गेले आणि २०२१ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली. पांढरीबाहेरची वस्ती जेथे काळ्या जमिनीवर आली, तेथे पाया पुरेसा खोल नसल्यास ओल व उन्हाळा यांच्या फेऱ्यात भिंतींना तिरप्या भेगा जातात. घरमालक त्या दरवर्षी सिमेंटने बुजवितो. भेगेचे कारण जमिनीत आहे हे त्याला सांगणारा ‘काळी-पांढरी’चा भेद त्याच्या बोलीतून निघून गेलेला असतो.

धाब्याची जागा स्लॅबने घेतली तरी जुनी सवय गेलेली नाही. स्लॅब गळू लागला की त्यावर कोबा घालतात. तो गळला की जुना न काढता त्यावर दुसरा थर घालतात. भार वाढतो आणि पाणी आत मुरतच राहते. आतील सळई गंजते, गंजाने तिचे आकारमान वाढते आणि खालचे काँक्रीट पोपड्यासारखे सुटते. पोपडा दिसला की त्यावर गिलावा देतात. लोणा लागलेल्या भिंतीला जे चालत असे, ते सळईच्या गंजाला चालत नाही. येथे सुटे काँक्रीट काढून, सळई स्वच्छ करून मगच दुरुस्ती करावी लागते. विजेच्या अर्थिंगचेही तसेच आहे. त्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात ते माती ओलसर व विद्युत्‌वाहक राहावी म्हणून. हे कारण ठाऊक नसेल तर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खड्ड्याला पाणी घालण्याचे कोणाच्या मनात येणार नाही, आणि बिघडलेल्या उपकरणाचा धक्का जिवावर बेतू शकेल.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, घराच्या निगेची बोलीतील परिभाषा हे घरांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. जुनी धाबी उतरविली जात असताना तिचे संकलन अगत्याने झाले पाहिजे. दुसरी ही की, असे संकलन केवळ शब्दार्थांवर थांबता कामा नये. प्रत्येक शब्दापुढे त्या कामाचे कारण आणि त्याची मर्यादा यांचीही नोंद हवी. ‘चोपणे’ या शब्दाचा अर्थ देताना, किती थरांनंतर चोपणे थांबवून माती उतरवावी हेही लिहिले गेले, तर तो कोश अभ्यासकाप्रमाणेच घरात राहणाऱ्याच्याही उपयोगी पडेल.