डबडीं, तराजू आणि वारा

सुमारें तीस वर्षांपूर्वीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत माझ्या एका विद्यार्थ्यानें फळीला भोंक पाडून त्यावर टेबलावरील पंखा बसविला. हवेच्या गादीवर तरंगणारें यान, म्हणजे हॉवरक्राफ्ट, त्याला करावयाचें होतें. तो वर बसला. फळी हालली नाहीं. मुलें हंसलीं. मींही "नसते उद्योग सोड" म्हणून त्याला गप्प केलें.

पुढें या यानाचा इतिहास वाचला आणि मी ओशाळलों.

ख्रिस्तोफर कॉकरेल हे इंग्रज अभियंते. मार्कोनी कंपनींतील नोकरी सोडून ते होड्या बांधूं लागले होते. पाण्याचें घर्षण होडीचा वेग खातें. मग होडीखालीं हवा कां घालूं नये? १९५५ सालीं त्यांनीं मांजराच्या खाद्याचें डबडें कॉफीच्या डब्यांत बसविलें, मधल्या वर्तुळाकार फटींतून एका घरगुती यंत्राचा वारा सोडला आणि त्याचा जोर स्वयंपाकघरांतील तराजूवर मोजला. एकाच नळींतून सोडलेल्या वाऱ्याहून हा जोर कितीतरी अधिक भरला! वारा तोच, केवळ त्याची वाट बदलली होती. झोताचें तें कंकणच आंतली हवा कोंडून धरीत होतें.

सरकारनें ही कल्पना कांहीं काळ गुप्त यादींत ठेवली. १९५८ सालीं ती मोकळी झाली, आणि २५ जुलै १९५९ रोजीं 'एस्. आर. एन्. १' या यानानें कॅलेहून डोव्हरपर्यंतची खाडी सुमारें दोन तासांत ओलांडली. ब्लेरिओच्या विमानोड्डाणास त्या दिवशीं बरोबर ५० वर्षें झालीं होतीं.

आतां माझ्या विद्यार्थ्याचें गणित पाहूं. फळी ६ फूट लांब, ४ फूट रुंद. माणसासह वजन २४० पौंड धरूं. म्हणजे दर चौरस फुटास अवघा १० पौंड दाब पुरे. वातावरणाचा दाब तेवढ्याच जागेवर २,१०० पौंडांहून अधिक असतो! अडचण आहे ती कडेखालून निसटणारी हवा सतत भरून काढण्याची. टेबलावरील पंखा मोकळ्यांत पुष्कळ हवा हालवितो. समोर दाब येतांच तो हतबल होतो. दाबाविरुद्धही भरपूर हवा ढकलणारा पंखा हवा, आणि हवा अडविण्यास कडेला लोंबती झालर.

त्या मुलाचें तत्त्व बरोबर होतें. चुकला होता तो केवळ पंखा. मीं त्याला एक तराजू द्यावयास हवा होता. दिलें तें हंसें. पालकहो, तुमच्या घरांत कोणी डबडीं जमवीत असेल, तर तीं फेंकून देण्यापूर्वीं एकवार विचारा.